आज साहेब कोण आहेत?

अण्णांची तक्रार अशी. त्यांची दहाचाकी पासिंगला, म्हणजे योग्यता तपासणीला, गेली, तेव्हा निरीक्षकाने वायपरचं रबर कडक झालंय म्हणून तिला परत पाठवलं. पुढच्या खेपेला गाडी तीच, वायपर तेच, साहेब दुसरे. गाडी पास. या दुसऱ्या साहेबांनी पुढच्या डाव्या टायरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो टायर अण्णांनी घरी आल्यावर स्वतःच उतरवला, कारण कडेला तार दिसायला लागली होती. रबराला नापास आणि तारेला पास, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल आहे आणि तो ते गेली काही वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात आणि श्राद्धाच्या जेवणातही विचारत आले आहेत.

विचारतात ते माझ्या मामांना, कारण मामा परिवहन खात्यात मोटार वाहन निरीक्षक होते. नोकरीची बहुतेक वर्षं पासिंग, लायसन्स आणि वायुवेग पथक यांतच गेली. निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या मुलीचं लग्न फलटणकडच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या मुलाशी ठरलं. ते ट्रान्सपोर्टवाले म्हणजे अण्णा. दोघे व्याही, त्यामुळे भांडायची सोय नाही. एकमेकांना वाढून, आग्रह करकरून ते वाद घालतात. गेल्या दिवाळीत तो वाद मी नीट बसून ऐकला. जमेल तसा इथे मांडतो. मधेमधे मी बोललोय, ते दोघांनी मनावर घेऊ नये.

अण्णा : रावसाहेब, तुम्ही खात्यातले, म्हणून विचारतो. गाडी पास का नापास हे गाडीवर ठरतं की साहेबावर?

मामा : गाडीवर. कायद्यात तसंच आहे.

अण्णा : कायद्यात असेल. आमच्याकडे सकाळी एजंटला पहिला फोन जातो तो याच कामासाठी. आज साहेब कोण आहेत? एक नाव सांगितलं की ड्रायव्हर म्हणतो, रेडियम नवं लावायला हवं. दुसरं नाव आलं की म्हणतो, पहिल्या खेपेलाच निघू. तिसरं आलं की म्हणतो, आज नको, गाडी भाड्याला काढू. प्रत्येकाची खोड आम्हाला पाठ आहे. एकाला नंबरप्लेटचा राग, एकाला हौद्याच्या मागच्या फाळक्याचा. एक जण खाली वाकून पाटे बघायचे, त्यांची बदली झाली तेव्हा आम्ही पेढे वाटले.

मामा : (हसत) आणि ते तुम्ही मला, खात्यातल्या माणसाला, सांगताय.

अण्णा : निवृत्त झालात म्हणून सांगतोय.

मामा : मग मीही निवृत्त झालोय म्हणून सांगतो. ज्या माणसाच्या बदलीचे पेढे वाटलेत ना, तोच एकटा तुमची गाडी बघत होता. पाटा तुटलेला असेल तर गाडी वळणावर एका अंगाला जाते. तुम्हाला हवा होता सारखेपणा. तो माणूस सगळ्यांच्याच गाड्यांखाली वाकत होता, म्हणजे त्याच्याइतका सारखा दुसरा कोणी नव्हता.

अण्णा : तो एकटा सारखा असून काय उपयोग? बाकीचे पाच वाकत नव्हते. मग ज्याच्या वाट्याला तो आला त्याचा खर्च झाला आणि ज्याच्या वाट्याला आला नाही त्याची गाडी त्याच पाट्यावर कात्रजचा बोगदा उतरली. आमची स्पर्धा त्या दुसऱ्याशी असते. भाडं ठरताना पार्टी विचारत नाही की पाटे कसे आहेत.

ही शेवटची ओळ मला महत्त्वाची वाटते. तपासणीतल्या विषमतेबद्दल आपण बोलतो ते बहुतेक वेळा लाच या एका शब्दाशी येऊन थांबतं. लाच आहेच, मामाही ती नाकारत नाहीत. पण पैसा बाजूला ठेवला तरी गाडीवाल्याचं नुकसान होतंच. प्रामाणिकपणे दुरुस्ती करणारा महाग पडतो. कडक निरीक्षकाच्या दिवशी ट्रॅकवर रांग कमी असते, कारण रांगेतले निम्मे लोक दुसऱ्या दिवशीची वाट बघत असतात. त्यामुळे कडकपणा वाया जातो आणि ढिलेपणाला गर्दी होते.

मामा : आता माझी बाजू ऐका. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याचं कलम 56 म्हणतं की मालवाहू किंवा प्रवासी वाहनाला योग्यता प्रमाणपत्र नसेल तर त्याची नोंदणीच वैध मानली जाणार नाही. म्हणजे ज्याच्या सहीने गाडी रस्त्यावर येते तो निरीक्षक. गाडी नवी असली तर दोन वर्षांचं प्रमाणपत्र. पुढे आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. आता सकाळी ट्रॅकवर या. रिक्षा, टेम्पो, ट्रक, स्कूल बस, टँकर, सगळे एकाच रांगेत. एका निरीक्षकाला त्याच दिवशी नव्या गाड्यांची नोंदणी, कधी लायसन्सच्या चाचण्या, कधी अपघाताची गाडी बघायला पोलीस ठाण्यात जाणं. त्याच्या हातात काय? डोळे, एक टॉर्च आणि ट्रॅक. किंगपिन ढिलं आहे का हे चाक हलवून बघायचं. हेडलाइटचा झोत भर दुपारी उन्हात ठरवायचा. असं काम दोन माणसं करतील तर दोन निकाल येणारच. मीच सकाळी आणि संध्याकाळी वेगळा असायचो.

अण्णा : हे तुम्ही कबूल करता?

मामा : करतो. उन्हात उभं राहून दुपारी तीनला माणूस टायर बघत नाही, सावली बघतो.

अण्णा : मग आमच्यावर का खापर? आम्ही तुमच्या सावलीचा हिशेब करतो, एवढंच.

मामा : ब्रेकचं तरी निश्चित होतं. ताशी 30 किलोमीटरच्या वेगाला ब्रेक मारला की 13 मीटरच्या आत गाडी थांबली पाहिजे, हे केंद्रीय नियमातच आहे. त्यासाठी ट्रॅक हवा. पुष्कळ कार्यालयांकडे तो नव्हता. कार्यालयासमोरच्या रस्त्यावर गाडी थोडी पुढे घ्या, ब्रेक दाबा, झालं. शेवटी पुण्यातल्या एका नागरिकाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि न्यायालयाने 250 मीटरचा ट्रॅक असल्याशिवाय प्रमाणपत्र द्यायचं नाही असं बजावलं. ज्या कार्यालयांना ट्रॅक नव्हता तिथलं काम थांबलं, गाड्यांना दुसऱ्या गावी जावं लागलं. तेव्हा तुम्ही ट्रान्सपोर्टवाले किती ओरडलात ते आठवा.

अण्णा : ओरडणार नाही तर काय! पासिंगला रिकामी गाडी दूर न्यायची, डिझेल आमचं, दिवस आमचा. हप्ता थांबत नाही, ड्रायव्हरचा भत्ता थांबत नाही. वर पासिंगला उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये दंड.

मामा : त्या पन्नास रुपयांवरून रिक्षावाले रस्त्यावर आले आणि 2024 मध्ये सरकारने वसुली थांबवली.

अण्णा : थांबवली ना? म्हणजे बरोबर आमचंच होतं. आणि ट्रॅकचं म्हणाल तर रिकाम्या गाडीचा ब्रेक 13 मीटरमध्ये लागला, यात नवल काय? माझी गाडी रिकामी कधी अपघात करत नाही. ती भरलेली असते, खंबाटकी घाट उतरत असते, ड्रम तापलेले असतात, लायनरचा वास सुटलेला असतो. ते कोण तपासतं?

इथे मामा काही क्षण गप्प बसले, आणि त्यांच्या बाबतीत हे क्वचित घडतं. अण्णांनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. वाहनाची तपासणी ज्या अवस्थेत होते आणि वाहन ज्या अवस्थेत माणसं मारतं, या दोन अवस्था बऱ्याचदा वेगळ्या असतात. रिकामी गाडी, धुतलेली, सकाळच्या हवेत, सपाट ट्रॅकवर. तिच्यावरून घाटातल्या भरलेल्या गाडीबद्दल अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. खात्री दिल्याचा आव मात्र प्रमाणपत्रात असतो.

मामा सावरले ते अपघातांच्या आधाराने.

मामा : घाटाचं म्हणताय ना? मग पुण्याच्या नवले पुलाचं बघा. 20 नोव्हेंबर 2022. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतारावर आलेल्या एका अवजड गाडीने रांगेतल्या गाड्या एकामागून एक उडवल्या. पहिल्या तासात सगळीकडे एकच बातमी, ब्रेक फेल. नंतर पोलिसांनी सांगितलं की उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. डिझेल वाचवायला. कुर्ल्यात 9 डिसेंबर 2024 ला बेस्टची बस गर्दीत घुसली, ड्रायव्हर म्हणाला ब्रेक लागले नाहीत. तपासणीत ब्रेक ठीक निघाले. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ 1 जुलै 2023 ला बस जळून पंचवीस माणसं गेली, ड्रायव्हर म्हणाला टायर फुटला. आमच्या खात्याच्या अहवालात टायर फुटल्याचं दिसलं नाही. प्रत्येक वेळी गाडीवर ढकलायचं आणि गाडीवर आलं की निरीक्षकावर. ड्रायव्हर कुणी तपासायचा?

अण्णा : रावसाहेब, एक विचारू? या तिन्ही गाड्या तुमच्या लोकांनी नंतर इतक्या बारकाईने बघितल्या, की ब्रेक होते की नव्हते, टायर फुटला की नाही, सगळं सांगता आलं. जळून कोळसा झालेल्या बसचं सांगता आलं! मग ही नजर आधी कुठे असते?

मामा : नंतर वेळ असतो. एकच गाडी, दोन दिवस.

अण्णा : म्हणजे माणसं मेल्यावर वेळ मिळतो.

व्याही असल्यामुळे या वाक्यावर कोणी ताटावरून उठलं नाही. मामींनी करंज्या पुढे केल्या. मामांनी एक उचलली आणि हातात तशीच ठेवली.

मी मधे पडलो आणि यंत्राचं काढलं. कारण सगळ्यांनाच आता वाटतं की डोळे-टॉर्चच्या जागी यंत्र आलं की प्रश्न सुटला. केंद्राने सप्टेंबर 2021 मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम काढले. या केंद्रात गाडीचं चाक रोलरवर चढतं आणि प्रत्येक चाकाला ब्रेक किती लागतो हे आकड्यात येतं. गाडी सरळ जाते की बाजूला सरकते, दिव्याचा झोत कुठे पडतो, स्पीडोमीटर खरं बोलतो का, धूर किती, हे सगळं मोजलं जातं आणि निकाल थेट सरकारच्या संगणकावर जातो. केंद्र चालवणाऱ्याने गाडी दुरुस्तही करायची नाही, विकायचीही नाही, फक्त तपासायची. अवजड वाहनांसाठी हे 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचं होणार होतं. केंद्रं पुरेशी उभी राहिली नाहीत आणि तारीख पुढे सरकली.

अण्णा : यंत्र आलं तर आम्हाला हवंच आहे. यंत्राचा मूड नसतो.

मामा : यंत्राला मालक असतो. आणि यादी नीट वाचा. निम्म्याहून जास्त गोष्टी यंत्रही डोळ्यानेच बघतं, म्हणजे यंत्राशेजारी उभा असलेला माणूस बघतो. गंज, गळती, काच, सीट, आपत्कालीन दार, रिफ्लेक्टर. त्यावर कोणता रोलर फिरवणार? शिवाय गाडी रिकामी असेल, तर रोलरवर चाक लवकर लॉक होतं आणि आकडा वेगळा येतो. यंत्र वेळच्या वेळी प्रमाणित केलं नाही तर ते सगळ्यांना सारखंच चुकीचं सांगणार. सारखेपणा मिळाला, आता समाधान?

अण्णा : तेवढंही चालेल. सगळ्यांना सारखंच चुकीचं सांगितलं तर निदान माझं भाडं कोणी तोडणार नाही.

मामा : हे बघ! (माझ्याकडे वळून) हे मला हवं होतं. यांना सुरक्षितता नको आहे, यांना बरोबरी हवी आहे.

अण्णा : तुम्हाला पगार होता, रावसाहेब. आम्हाला सुरक्षितता परवडेल तेव्हाच परवडते. माझी गाडी उलटली तर ड्रायव्हर माझ्याच गावचा असतो, त्याच्या बायकोसमोर मला उभं राहायचं असतं. सुरक्षितता नको कशी? पण शेजारचा रिमोल्ड टायरवर, लायनर घासत, हजार रुपयांनी कमी भाड्यात माल उचलत असेल, तर मी किती दिवस नवे टायर घालू?

अण्णांचं हे म्हणणं मला मामांच्या म्हणण्यापेक्षा खोल वाटलं. पण अण्णांचे हात धुतलेले नाहीत, हेही सांगायला हवं. मामांनी पुढच्या दहा मिनिटांत ते व्यवस्थित बाहेर काढलं.

मामा : पासिंगच्या दिवशी टायर भाड्याने मिळतात की नाही?

अण्णा : मिळतात.

मामा : तुम्ही घेतलेत?

अण्णा : मी नाही घेतले. (थोड्या वेळाने) 407 टेम्पोसाठी एकदा ड्रायव्हरने परस्पर घेतले होते.

मामा : आग विझवायचं नळकांडं किती गाड्यांना एक?

अण्णा : ते... ते प्रत्येक गाडीला आहे. फक्त एकाच गाडीचं भरलेलं आहे.

मामा : स्पीड गव्हर्नर?

अण्णा : आता स्पीड गव्हर्नरचं तुम्ही विचारू नका. 80 ला बांधलेली गाडी चढाला दम टाकते. पासिंगहून निघालं की पहिल्या ढाब्यावर ड्रायव्हर वायर काढतो. मी लावतो, तो काढतो. माझं ऐकत नाही.

मामा : आणि प्रथमोपचाराची पेटी?

अण्णा : आहे ना. तिच्यात ड्रायव्हर तंबाखू ठेवतो.

सगळे हसलो. मामा हसले नाहीत. ते म्हणाले, आम्ही त्या दिवशी जी गाडी बघतो ती तुमची नसतेच. तिचे टायर दुसऱ्याचे, नळकांडं तिसऱ्याचं, रंग कालचा. तुम्ही आम्हाला भाड्याची गाडी दाखवता आणि मग विचारता की आम्ही खरी गाडी का ओळखली नाही.

यावर अण्णांनी दिलेलं उत्तर या सगळ्या वादाचं मूळ आहे असं मला वाटतं. ते म्हणाले की जर कोणी मला सांगितलं असतं की या गाडीत नेमकं काय खराब आहे, किती खराब आहे आणि कधीपर्यंत चालेल, तर मी ते केलं असतं. मला तसं कधीच कोणी सांगितलं नाही. मला सांगितलं जातं, "परत आणा." बस्स. कधी रागाने, कधी हसून, कधी नुसता हात हलवून. गाडीचं काय, हे तोंडी, अर्धवट, ट्रॅकच्या गोंगाटात. मग मी गाडी दुरुस्त करत नाही, ज्याने परत पाठवली त्या साहेबाची समजूत कशी काढायची ते बघतो. माणसाने गाडी शिकायची तर तो साहेब शिकतो.

मामांनी नेहमीच्या सवयीने कलम काढलं. पण या वेळी ते कलम त्यांच्याच बाजूचं नव्हतं.

मामा : कलम 56 मध्येच आहे. प्रमाणपत्र नाकारलं तर का नाकारलं ते मालकाला लेखी द्यायचं. आणि त्यावर कलम 57 प्रमाणे तीस दिवसांत अपील करता येतं.

अण्णा : लेखी?

मामा : लेखी.

अण्णा : 1988 पासून?

मामा : 1988 पासून.

अण्णा : मग मला आजवर एकही कागद का मिळाला नाही?

मामा : तुम्ही मागितला नाहीत.

अण्णा : आणि तुम्ही दिला नाहीत!

मामा : नापासच केलं नाही, नुसतं "परत आणा" म्हटलं, तर नाकारलं असं होत नाही. म्हणून लेखी द्यावं लागत नाही. असंच चालतं. गाडीवाल्यालाही तेच बरं वाटतं, नोंद होत नाही. निरीक्षकालाही बरं, अपील होत नाही. कोणाच्याच अंगावर काही येत नाही.

हे बोलताना मामांचा आवाज जरा खाली आला. त्यांना स्वतःला ते कधी खटकलं नव्हतं असं नाही. पण वर्षानुवर्षं रोज करायच्या गोष्टीकडे पुन्हा बघायची वेळ माणसावर क्वचित येते. मीही विचार केला तेव्हा लक्षात आलं की आपण सगळे ज्या विषमतेवर चिडतो तिचं बळ या तोंडीपणात आहे. निकाल लिहिला गेला असता तर दुसऱ्या साहेबांना पहिल्या साहेबांचा कागद दिसला असता. "वायपर कडक, बदला" असं लिहिलेलं असताना वायपर न बघता पास करायला त्यांना सहीच्या वर उत्तर द्यावं लागलं असतं. आणि टायरबद्दल पहिल्या साहेबांनी काहीच लिहिलं नाही, हेही दिसलं असतं. दोन्ही साहेब उघडे पडले असते, अण्णाही.

अण्णांचा पुतण्या इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला आहे, तो दिवाळीला आला होता. त्याने मोबाइलवर त्याच्या जुन्या गाडीचा नंबर टाकून दाखवला. तिथे तीन वर्षांची झाली की प्रत्येक खासगी कारलाही दरवर्षी तपासणी लागते. एमओटी म्हणतात. गाडीचा नंबर माहीत असला की कोणीही तिचा सगळा इतिहास बघू शकतो. कोणत्या वर्षी नापास झाली, का झाली, तेव्हा किती मैल चालली होती. 2018 पासून तिथे दोषांच्या पायऱ्याही आहेत. धोकादायक, मोठा, किरकोळ. त्याखेरीज नुसता सल्ला : टायर 1.6 मिलिमीटरच्या मर्यादेजवळ आलाय, पुढच्या वेळी बघा. पुतण्याने ती गाडी घेण्यापूर्वी हे सगळं वाचलं आणि विकणाऱ्याशी भाव पाडून घेतला. विशेष म्हणजे तिथे तपासणी करणाऱ्या बहुतेक जागा म्हणजे साधी गॅरेज आहेत, जी दुरुस्तीही करतात. आपल्या नव्या नियमाने जे मुद्दाम बंद केलं तेच तिथे चालतं. तरी गाडी चालते, कारण लिहिलेलं सगळ्यांना दिसतं.

मामा : आपल्याकडे फक्त पास किंवा नापास. मधलं काही नाही. "अजून दोन महिने चालेल, मग बदला" असं म्हणायची सोय निरीक्षकाला नाही. मला कित्येकदा तसं म्हणावंसं वाटायचं. मग मी मनातल्या मनात ठरवायचो. कधी पास करायचो, कधी नाही. आता तुम्ही त्याला विषमता म्हणता.

अण्णा : (माझ्याकडे बघत) आणि याची खासगी कार?

मामा : खासगी कारला पंधरा वर्षं कोणी हात लावत नाही. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी. 2022 मध्ये त्याची फी 600 वरून 5000 केली. फी वाढली, तपासणीच्या पद्धतीत काय वाढलं ते मला सांगता येणार नाही.

अण्णा : म्हणजे माझी दहाचाकी दरवर्षी आणि याची कार पंधरा वर्षांनी. रस्ता एकच.

हा बाण माझ्याकडे होता. माझी कार बारा वर्षांची आहे आणि तिचे मागचे ब्रेक शू शेवटचे कधी बदलले, ते मला आठवत नाही. मी विषय बदलला.

विषय बदलला तो एसटीवर. कारण मला वाटलं की एसटीत निदान ड्रायव्हर रोज गाडीतला बिघाड डेपोत लिहून देतो आणि डेपो त्यावर काम करतो. ते कितपत होतं यावर अण्णा आणि मामा, दोघांचंही मत एकच निघालं, आणि ते मत छापण्याजोगं नाही. पण लिहिणं आहे, ही गोष्ट दोघांनी मान्य केली.

अण्णा : ठरलं रावसाहेब. पुढच्या पासिंगला मी सांगणार, लेखी द्या. नापास करा, पण लेखी करा.

मामा : मागा. पण तयारीने मागा. लेखी मागितलंत तर निरीक्षक पुन्हा गाडीखाली जाईल आणि वायपरबरोबर पाटे, टाय रॉड, लायनर, हॅण्डब्रेक सगळं लिहील. आणि त्याची चूक नसेल.

अण्णा : लिहू दे की.

मामा : आणि तुमचा ड्रायव्हर? गाडी रोज चालवतो तो. त्याला एक वही द्या. गाडी कुठल्या बाजूला ओढते, ब्रेकला हवा कधी कमी पडते, कधी वास येतो, सगळं त्याने लिहायचं. तुम्ही ते वाचायचं आणि शेजारी सही करायची. मग तुमच्याकडेही कागद, आमच्याकडेही कागद.

अण्णा : वही दिली आणि उद्या काही झालं, तर पोलीस ती वही पहिली उचलतील. म्हणतील, मालकाला माहीत होतं.

मामा : माहीत असतंच ना तुम्हाला.

अण्णा : असतं. पण लिहिलेलं नसतं.

मामा : मग आम्ही लेखी का द्यावं?

अण्णांनी हातातला चहा खाली ठेवला आणि म्हणाले की सुरुवात खात्याने करावी, सरकार मोठं असतं. मामा म्हणाले की सुरुवात मालकाने करावी, गाडी त्याची असते. मामींनी विचारलं की जेवणाला पानं घेऊ का. दोघांनी एकदमच होय म्हटलं आणि पानं मांडली जाईपर्यंत वहीवर मालकाची सही असावी की नुसता अंगठा, यावर त्यांचं पुन्हा जुंपलं.